वहिनी घरीच असतात

पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या घरात वहिनी राहायच्या. इमारतीतले सगळे त्यांना वहिनीच म्हणत. वयाने मोठे म्हणत, लहान म्हणत, कुरियरवाले म्हणत, एकदा तर पाण्याचं मीटर बघायला आलेला सरकारी माणूसही म्हणाला. त्यांना एक रीतसर नाव होतं. एकेकाळी नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात लोक त्यांना त्या नावाने हाकही मारायचे. पण धाकटा झाला आणि त्यांनी नोकरी सध्यापुरती सोडली. ते 'सध्या' आता शाळेत जायला लागलं होतं.

त्यांचा नवरा विमा कंपनीत विभागप्रमुख होता. जगात कुठे काय जळेल, बुडेल किंवा कोसळेल याचा अंदाज बांधणं हे त्याचं काम, आणि ते तो चोख करायचा. फक्त आपले मोजे कुठे असतील याचा अंदाज त्याला लग्न झाल्यापासून बांधता आलेला नव्हता. रोज सकाळी तो एक पाय मांडीवर घेऊन पलंगावर बसायचा आणि हाक मारायचा, "अगं, मोजे?" नेमकं तेव्हाच थोरल्या लेकीला आठवायचं की आज शाळेत पुठ्ठ्याचा ज्वालामुखी न्यायचा आहे. आणि धाकटा जाहीर करायचा की डावा बूट त्याला आवडेनासा झाला आहे. मोजे, ज्वालामुखी आणि बूट मार्गी लावून वहिनी तिघांना दाराबाहेर काढायच्या. मग नवरा जिन्यात वळून मोठ्या प्रेमाने म्हणायचा, "चल, आता तू मोकळी."

मोकळ्या झालेल्या वहिनी मग टेबलाखालचं दूध पुसायच्या, धाकट्याने रात्री गादीवर केलेला पराक्रम उन्हात घालायच्या, आणि बेसिनच्या नळीत अडकलेलं मोटारीचं चाक तारेने काढायच्या. कपडे धुतलेले, न धुतलेले आणि 'एकदाच घातलाय, राहू दे' असे तीन प्रकारचे असत. त्यांत रोज नव्याने गल्लत होई. जेवण त्या ओट्याशी उभ्यानेच उरकत, तेही बहुधा मुलांच्या ताटात उरलेलं. संध्याकाळी घर जसंच्या तसं दिसे. तिथेच तर सगळी गोम होती. दिवसभर केलेल्या कामाचा पुरावा म्हणजे काहीच झालेलं न दिसणं, आणि जे दिसत नाही त्याचं कौतुक कोण करणार?

तरी इथवर ठीक होतं. घर आपलं होतं, पसारा आपल्या माणसांचा होता. भानगड सुरू झाली ती एका पार्सलमुळे.

तिसऱ्या मजल्यावर वकीलबाई राहायच्या. भल्या बाई, पण कायम घाईत. एक दिवस कोर्टात जाताना त्या दारात थांबल्या. "वहिनी, आज माझं एक छोटंसं पार्सल येईल. तुम्ही घरीच असता ना?"

वहिनी पदराला हात पुसत दारातच उभ्या होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

छोटंसं पार्सल म्हणजे व्यायामाची सायकल निघाली. ती न्यायला वकीलबाईंना सवड झाली नाही, त्यामुळे आठवडाभर वहिनींनी ओली चादर तिच्यावर वाळत घातली. वकीलबाईंनी सायकल नेताना तोंड भरून आभार मानले आणि ही सोय त्यांनी चारचौघांत सांगितली. मग काय! कुणाची औषधं, कुणाचे बूट, कुणाचा आरसा. कुरियरवाले वर चढायचेच बंद झाले. पार्सलांमागून किल्ल्या आल्या. कुणाकडे नळ दुरुस्त करणारा येणार, कुणाच्या मुलाला शाळेतून आल्यावर दार उघडून द्यायचं. वहिनींनी बिस्किटांचा एक रिकामा डबा किल्ल्यांसाठी काढला. तो आठवड्यात भरला. मग पाण्याच्या पंपाची किल्लीही त्यात आली, कारण पंप सकाळी चालू करून वेळेवर बंद करायला कुणीतरी घरी असणारं माणूस लागतं.

इमारतीच्या समितीचे अध्यक्ष चौथ्या मजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. ते सहलीला निघाले तेव्हा आपलं बोन्सायचं झाड घेऊन खाली आले. झाड वीतभर आणि त्याच्याबद्दलच्या सूचना हातभर.

"पाणी घालायचं नाही हं, वहिनी. शिंपडायचं. ऊन दाखवायचं, पण लागू द्यायचं नाही."

"आणि पानं गळली तर?"

"गळता कामा नयेत," अध्यक्ष म्हणाले, आणि विषय मिटला.

वहिनींची स्वतःची मुलं उन्हात होती की सावलीत हे कुणी विचारत नव्हतं. त्या मात्र दुपारभर ते झाड या खिडकीतून त्या खिडकीत नेत होत्या.

सगळ्यात शेवटी आजोबा आले. आजोबा म्हणजे वकीलबाईंचे सासरे. शाळा तपासनीस म्हणून आयुष्य काढलेलं. "ते काही त्रास देणार नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "नुसते बसून असतात. वर एकटे राहिले की त्यांना करमत नाही. तुम्ही घरीच असता, तेवढीच तुम्हालाही सोबत."

आजोबा खरोखरच नुसते बसून असत. स्वयंपाकघरातलं सगळं दिसेल अशी एक खुर्ची त्यांनी पहिल्याच दिवशी हेरली, आणि तिथून ते घराची तपासणी करू लागले. हात लावायचे नाहीत, फक्त कळवायचे.

"पोरी, दूध उतू गेलं बरं का."

"आजोबा, जातंय म्हणून सांगायचं ना! जवळच तर बसलाय तुम्ही."

"जातंय तेव्हा खात्री नव्हती," आजोबा शांतपणे म्हणायचे. "खात्री झाल्याशिवाय मी कधी शेरा मारला नाही."

नवऱ्याला हे सगळं वहिनी रात्री जेवताना सांगायच्या. तो मान डोलवायचा. "चांगलंय की. तुझाही वेळ जातो," असं त्याने एकदा म्हटलं. वहिनींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने भात मागायचा होता तो मागितलाच नाही.

याच सुमारास वहिनींची दाढ दुखायला लागली.

आधी गार पाणी लागे, मग गरमही लागू लागलं, मग काही न लागताही दुखू लागली. त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर कपाट येणार होतं. वेळ पुढे ढकलली. पुढच्या वेळी धाकट्याला ताप आला. त्यानंतर पाण्याची टाकी धुवायची निघाली, आणि टाकी धुणाऱ्यांवर लक्ष ठेवायला कोण होतं? दवाखान्यातल्या मुलीने फोनवर विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठे नोकरीला असता का? रजा मिळत नाही का?" वहिनी म्हणाल्या, "नाही हो, मी घरीच असते." मुलीने पुढची तारीख दिली, पण तिला ते पटलेलं वाटलं नाही.

दुखण्याने गाल सुजला तेव्हा कुठे ते इतरांच्या लक्षात आलं. आजोबा म्हणाले, "पोरी, तुझा गाल सुजला बरं का." वकीलबाई म्हणाल्या, "बाई गं, काळजी घ्या हं," आणि सोबत एक किल्ली ठेवून गेल्या. नवरा लवंग घेऊन आला. लवंग कुठल्या डब्यात असते हे त्याने त्यांनाच विचारलं होतं, पण आणून दिली त्याने स्वतः.

"मग दाखवून ये ना एकदा," तो म्हणाला. "घरीच तर असतेस."

दाढेमुळे वहिनींना दात-ओठ खाण्याचीही सोय राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मोजे, डबे आणि बूट आटोपून घर रिकामं झालं, तशा त्यांनी चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि त्या निघाल्या. जिन्यात थांबून कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जाणं झालं नसतं, हे अनुभवाने कळलं होतं.

दवाखान्यातली खुर्ची लांबलचक होती. डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं तशी ती वहिनींना घेऊन हळूहळू मागे झुकली. पाय आपोआप वर आले. डोक्याखाली मऊ उशी होती. छताला एक पांढरा दिवा होता, आणि त्या छताचे कोपरे साफ करायची जबाबदारी वहिनींवर नव्हती. भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात नळ्या आल्या, कापूस आला. आता कुणी काही विचारलं तरी उत्तर देता येणार नव्हतं. वहिनींनी डोळे मिटले.

यंत्र घरघरत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग त्यांनी वाकून पाहिलं, तर पेशंट गाढ झोपलेली.

काम संपल्यावर मदतनीस मुलगी वहिनींना उठवायला पुढे झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला हातानेच थांबवलं. "झोपू दे. पुढचा पेशंट यायचाय. माझ्या खुर्चीत दोनच जातीची माणसं झोपतात. एक ट्रक चालवणारे आणि दुसऱ्या लहान मुलांच्या आया."

वहिनींना जाग आली तेव्हा अंगावर एक हिरवी चादर होती. त्या दचकून उठल्या. "किती वाजले?" असं त्यांना विचारायचं होतं, पण बधिर तोंडातून निघालं ते भलतंच. डॉक्टरीणबाईंनी हसून घड्याळाकडे बोट दाखवलं. मुलांची बस यायला अजून थोडा अवकाश होता. वहिनींचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंनी गार काहीतरी खायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी वाटेत एक आइस्क्रीम घेतलं. उद्यानाच्या बाकावर बसून ते एका बाजूने खाल्लं. अर्धं ओठांवरून ओघळलं. शेजारच्या बाकावरची एक लहान मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या आईने तिला सांगितलं, "बघ, सांडत सांडत खाल्लं की असं होतं." वहिनींना हसू आलं, पण तेही एकाच बाजूने.

इकडे इमारतीत हलकल्लोळ माजला होता.

सकाळी पंप चालू झाला नाही, कारण किल्ली बिस्किटांच्या डब्यात, डबा वहिनींच्या घरात आणि घराला कुलूप. चौथ्या मजल्यावर अध्यक्षसाहेब अंगाला साबण लावून नळाखाली उभे होते तेव्हा पाणी गेलं. ते पंचा गुंडाळून खाली आले आणि मागे त्यांचं दार वाऱ्याने लागलं. त्यांच्या घराची जादा किल्ली अर्थातच त्या डब्यात होती. तेवढ्यात वकीलबाईंचा नवा सोफा आला. वकीलबाई कोर्टात, आणि सोफा आत घ्यायला द्यायची किल्ली पुन्हा त्याच डब्यात. हमाल म्हणाले, आम्हाला दुसरीकडे जायचंय, आणि सोफा पहिल्या मजल्याच्या वळणावर ठेवून चालते झाले. सोफा असा काही बसला की वरून खाली यायचं तर त्याच्यावर चढूनच यावं लागे. आजोबा रोजच्यासारखे घराचं दार ओढून घेऊन वहिनींकडे यायला निघाले होते. कुलूप बघून ते मागे फिरले आणि सोफ्यावर टेकले. सोफा त्यांना पसंत पडला. तिथून जिना दोन्ही बाजूंनी दिसत होता. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ते कळवत होते, "वहिनी घरी नाहीत बरं का."

यावर कुणाचा विश्वासच बसेना. लोक सोफ्यावर चढून जात, स्वतः बेल वाजवत, दाराला कान लावत. एका कुरियरवाल्याने तर अध्यक्षांना सांगितलं, "साहेब, काहीतरी गडबड आहे. दार तोडायचं का?"

वहिनी जिना चढून आल्या तेव्हा अर्धी इमारत तिथे जमली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींच्या हातात रिकाम्या बादल्या होत्या. अध्यक्षांच्या कानामागे साबण वाळला होता. कोर्टातून तातडीने बोलावून घेतलेल्या वकीलबाई काळ्या कोटात सोफ्याच्या पलीकडे उभ्या होत्या.

"अहो वहिनी, होतात कुठे तुम्ही!"

"दा... दाद्द..." वहिनी गालावर हात ठेवून म्हणाल्या.

"दादाकडे?" कुणीतरी विचारलं. "भाऊ आजारी आहे का?"

"असू दे, असू दे," अध्यक्ष पंचा सावरत म्हणाले. "जाण्याला आमची ना नाही. माणसाला काम निघतं. पण घरी नसणार हे निदान आदल्या दिवशी तरी कळवायला हवं होतं. काही शिस्त आहे की नाही?"

वहिनींनी कुलूप उघडलं, बिस्किटांचा डबा आणला आणि सोफ्यावर आजोबांच्या शेजारी ठेवला. लोकांनी आपापली किल्ली शोधायला झुंबड उडवली. त्या धक्काबुक्कीत त्यांच्या दाढेचं काय झालं हे विचारायचं राहून गेलं. फक्त धाकटा बसमधून उतरून आला तेव्हा त्याने आईचं तोंड बारकाईने बघितलं आणि विचारलं, "आई, तू आइस्क्रीम खाल्लंस?"

त्या रविवारी समितीची सभा झाली. सभा वहिनींच्या घरी झाली, कारण चहा करायला कुणीतरी हवं होतं. विषय होता इमारतीतील गैरसोय.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "झाल्या प्रकारावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. इमारतीचा कारभार असा वाऱ्यावर सोडून चालणार नाही. आपल्याला एक व्यवस्थापक नेमावा लागेल."

"पगारी?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे काय! पार्सलं घ्यायची, किल्ल्या सांभाळायच्या, पंप बघायचा, कामगारांवर नजर ठेवायची. दिवसभर अडकून पडायचं. एवढं जबाबदारीचं काम फुकट कोण करेल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फुकट कुणी करणार नाही, करूही नये, यावर एकमत झालं. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याने त्याला आठवड्यातून एक सुट्टी द्यावी लागेल. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, बसायला नीट खुर्ची हवी, कंबर जाते हो माणसाची. तिसऱ्याने पंख्याची सूचना केली. नवऱ्याला जोखमीचा दांडगा अभ्यास. तो काळजीच्या सुरात म्हणाला, "आणि मला वाटतं, एका माणसाला हे झेपायचं नाही. मदतनीस लागेल."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. ट्रेमधल्या कपांचा किणकिण आवाज झाला. नवऱ्याने वर पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या हळूहळू ध्यानात येऊ लागलं. त्याचे कान लाल झाले. बाकीच्यांच्या काही ध्यानात आलं नाही. "साखर जरा जास्त घातलीय ना, वहिनी?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे तेवढी पुरे," वहिनी म्हणाल्या, आणि ट्रे त्यांच्या हातात देऊन आत निघून गेल्या. बहुधा बऱ्याच वर्षांनी अध्यक्षांनी सगळ्यांना चहा वाटला.

त्या रात्री नवऱ्याने भांडी घासली. पाणी इतकं उडवलं की ओटा वहिनींना दोनदा पुसावा लागला.

महिन्याभरात व्यवस्थापक रुजू झाला. झुपकेदार मिशीचा, गोड बोलणारा गृहस्थ. आधी एका चित्रपटगृहात तिकिटं फाडायचा. जिन्याखालची खोली त्याला दिली. खुर्ची आली, टेबल आलं, पंखा आला. किल्ल्या अडकवायला भिंतीत खिळे ठोकले. वहिनींनी बिस्किटांचा डबा उपडा करून सगळ्या किल्ल्या त्याच्या हवाली केल्या आणि घरी येऊन दार लावलं. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना आपल्या घरातलं घड्याळ ऐकू आलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात व्यवस्थापक, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"वहिनी, मी जरा जेवून घेतो. तोवर हे तुमच्याकडे असू द्या. अध्यक्षसाहेब म्हणाले, वहिनी घरीच असतात."

तो बिचारा मनापासून हसत होता. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता.

"तुम्ही जेवायला किती वेळ घेता?" त्यांनी विचारलं.

"तासभर. थोडं आडवंही होतो, खोटं कशाला बोलू?"

"मग असं करा, खोलीला कुलूप लावा आणि दारावर पाटी अडकवा. जेवणाची सुट्टी."

"चालेल?" त्याने डोळे मोठे केले. "लोक चिडतील."

"बघू या तर खरं."

वहिनींनीच त्याला पुठ्ठा आणि रंग दिला. नकाशांच्या ऑफिसातला हात अजून शाबूत होता. अक्षरं अशी ठसठशीत आली की बँकेच्या काउंटरवर शोभावीत. पाटी जिन्याखालच्या दाराला लागली आणि वहिनी वरून कठड्याला टेकून बघत उभ्या राहिल्या. पहिला कुरियरवाला आला, पाटी वाचली, मुकाट्याने पायरीवर बसला. अध्यक्षसाहेब ऐटीत किल्ली मागायला आले. पाटी वाचून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि "बरोबर आहे, जेवणाची वेळ आहे," असं स्वतःशीच म्हणत वर गेले. कुणी बेल वाजवली नाही. कुणी दाराला कान लावला नाही.

वहिनी घरात गेल्या. त्यांनी दुसरा पुठ्ठा काढला.

सुरुवातीला थोडी कुरबुर झाली. अध्यक्षांनी जिन्यात अडवून विचारलं, "वहिनी, घराला जेवणाची सुट्टी कशी असेल?" वहिनींनी जिना उतरणाऱ्या वकीलबाईंकडे बोट दाखवलं. वकीलबाईंनी क्षणभर विचार केला आणि सोफ्याच्या दिवशीच्या बादल्यांची त्यांना बहुधा आठवण झाली असावी. "मनाई करणारा नियम तरी कुठे आहे?" त्या म्हणाल्या. आजोबांना ही पाटी विशेष आवडली. त्यांनी अक्षर तपासलं, एकही चूक सापडली नाही म्हणून थोडे हिरमुसले, आणि त्या वेळात जिन्याखालच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी पाटी लागल्यावर धाकट्याने विचारलं, "आई, या सुट्टीत मी रडलो तर चालेल?" वहिनी म्हणाल्या, "चालेल, पण आधी जेव." दोघं जेवली. रडायचं तो विसरून गेला.

एक दिवस नवऱ्याच्या ऑफिसात आग लागल्यावर काय करायचं याची कवायत होती. कवायत लवकर उरकली, सगळ्यांना घरी सोडलं. भर दुपारी तो जिना चढून आला. खिशात घराची किल्ली होती, पोटात भूक होती. त्याने किल्ली काढली आणि त्याचं लक्ष पाटीकडे गेलं. "जेवणाची सुट्टी. कृपया दार वाजवू नये."

त्याने पाटी दोनदा वाचली. आयुष्यभर ऑफिसात काढलेला माणूस. बंद खिडकीसमोर कसं थांबायचं हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. त्याने किल्ली खिशात टाकली, पायरीवर रुमाल पसरला आणि बसला.

आत वहिनी टेबलाशी खुर्चीवर बसल्या होत्या. ताटात वाफाळलेला भात होता, भाजी होती, आणि ती कुणाच्या ताटातली उरलेली नव्हती. दुरुस्त झालेली दाढ आता दोन्ही बाजूंनी चावू देत होती. बाहेर त्यांना आजोबांचा आवाज ऐकू आला.

"काय रे, बाहेर बसलास?"

"सुट्टी चालू आहे, आजोबा."

"किल्ली नाही तुझ्याकडे?"

"आहे ना."

"मग?"

"पाटी आहे," तो म्हणाला.

"हं," आजोबा म्हणाले. "ते बरोबर आहे."

मग थोड्या वेळाने नवऱ्याचा आवाज पुन्हा आला, जरा केविलवाणा. "आजोबा, ही सुट्टी किती वेळ असते हो साधारण?"

"ते पाटीवर लिहिलेलं नाही बरं का."

वहिनींनी भाताचं भांडं जवळ ओढलं आणि आणखी एक डाव वाढून घेतला.